खोपा बांधतो कोण? किहीमची जुनी नोंद



चार-पाच वर्षांखाली विहिरीवरची बाभळ छाटत होतो. एका खोप्याची खालची नळी पुरी नव्हती. म्हटलं, सोडून दिलेला असंल. फांदी तोडली. खोपा खाली पडला तर आत तीन पांढरी अंडी. आजवर चुटपुट आहे. तवापासून सुगरणीची माहिती शोधत गेलो, ती सांगतो.

आधीच्या काळी घरट्याची नोंद म्हणजे बहुतेक अंडी उचलून नेणं. ॲलन ह्यूम, ज्यांनी पुढं १८८५ ला काँग्रेस उभी करायला पुढाकार घेतला, ते १८७१ पासून इंग्रज सरकारच्या शेती खात्याचे सचिव होते. १८७३ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या घरट्यांवर अन् अंड्यांवर पुस्तक काढलं. महिना कोणता, अंडी किती, रंग-माप काय, सगळं त्यात. काम मोठंच. पण अंडं पेटीत गेल्यावर त्या खोप्यात पुढं काय झालं असतं, ते कसं कळणार?

१९३० साली सलीम अली जर्मनीत शिकून परत आले, तर मुंबईतली नोकरी गेलेली. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथं सुगरणीची वस्ती होती. त्यांनी अंडी नेली नाहीत. रोज बसून बघितलं अन् लिहिलं. १९३१ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आलं.

त्यातून कळलं ते असं. आपण म्हणतो सुगरण, पण खोपा विणतो पिवळ्या डोक्याचा नर. अर्धा विणून तो थांबतो. मादी येऊन पारखते. पसंत पडला तर ती आत जाते, अंडी घालते, उबवते. नर नळी पुरी करतो अन् दुसरा खोपा धरतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत खोपे तसेच लटकत राहतात. म्हणजे अर्धवट खोपा हा वाऱ्यानं मोडलेला नसतो, नुकताच पसंत पडलेलाही असू शकतो. माझी चूक इथंच झाली.

पुढं १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला बीड जिल्हा तवा त्याच संस्थानात होता.

सुगरण बाजरीच्या कणसाला लागते, राग येतो. पण पिल्लांना ती किडे-अळ्या भरवते, हेबी ध्यानात ठेवा. अन् १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घरटी-अंडी मोडणं गुन्हा आहे.

मी आता पावसाच्या वहीतच लिहितो: पहिला खोपा कधी, मादी आत कधी गेली, पिल्लांचा आवाज कधी, खोपा रिकामा कधी. सगळं लांबून, हात न लावता. बाभळ छाटायची ती दिवाळीनंतर, खोपे रिकामे झालेले बघून.

तुमच्याकडं खोपे कोणत्या झाडाला असतात? तारीख टाकून लिहून ठेवा.