माशांसाठी लावलेली जाळी

मातीचे धरण फुटले म्हटले की आपल्याला पानशेत आठवते. १२ जुलै १९६१ ही तारीख पुण्यातली जुनी माणसे अजून घरच्या तारखेसारखी सांगतात. पण पानशेतचे पाणी शेतीसाठी आणि पिण्यासाठी होते. आज ज्या धरणाची हकिगत सांगायची आहे, त्याचे पाणी कुणाच्या शेतात जात नव्हते की कुणाच्या माठात. ते होते गळ टाकून मासे धरण्यासाठी आणि संध्याकाळी शिडाच्या होड्या सोडण्यासाठी.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाउन नावाचे लोखंड-पोलादाचे गाव आहे. गावाच्या वर चौदा मैलांवर, साउथ फोर्क या ओढ्यावर सरकारने कालव्यातल्या बोटींना पाणी पुरवण्यासाठी मातीचे धरण बांधले. ७२ फूट उंच, ९०० फुटांहून लांब. १८५३ मध्ये ते पुरे झाले, पण तोवर आगगाडी आली होती आणि बोटींचा जमाना सरला होता. धरण रेल्वे कंपनीने घेतले आणि सोडून दिले. १८६२ मध्ये त्याचा काही भाग ढासळला. तलावात पाणी कमी होते म्हणून निभावले. पुढे १८७५ मध्ये एका लोकप्रतिनिधीने ते विकत घेतले आणि तळाशी असलेले पाणी सोडण्याचे पाच लोखंडी नळ काढून भंगारात विकले. सगळ्या हकिगतीत मला हा सौदा फार बोचतो.

१८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांसाठी तिथे क्लब निघाला. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन अशी बडी मंडळी त्याची सभासद. पडलेला भाग माती, दगड, झाडाचा पाला, गवत असे मिळेल ते घालून बुजवला. दोन घोडागाड्या समोरासमोर जाव्यात म्हणून धरणाचा माथा दोन-तीन फूट खाली आणून रुंद केला. तलावात मुद्दाम आणून सोडलेले मासे पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी बसवली. नळ पुन्हा बसवावेत, असे कुणाच्या मनात आले नाही.

इथे थोडे मातीच्या धरणाविषयी सांगायला हवे. दगडी धरणावरून पाणी वाहिले तरी ते काही काळ तग धरते. मातीच्या धरणावरून वाहिले की पाठीमागचा उतार धुऊन निघतो, आणि एकदा चर पडली की ती कुणाच्या हाती राहत नाही. म्हणून सांडवा हा मातीच्या धरणाचा श्वास. तो मोकळा हवा. तळाशी दार हवे, म्हणजे काही बिघडले तर पाणी उतरवून दुरुस्ती करता येते. भरावावर मोठी झाडे वाढू द्यायची नाहीत. मुळे कुजली की मातीत पोकळ वाटा राहतात. घुशींची बिळे वेळेवर बुजवायची. थोडा पाझर असतोच. तो नितळ आहे तोवर लक्ष ठेवावे, गढूळ झाला की समजावे, धरण आतून वाहून चालले आहे. यातले कुठलेच काम खर्चाचे नाही. फक्त दर पावसाळ्याआधी कुणीतरी जाऊन बघायला हवे.

जॉन्सटाउनच्या मोठ्या पोलाद कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपला माणूस, जॉन फुल्टन, धरण पाहायला पाठवला. त्याने दोन दोष लिहून दिले : पाणी उतरवण्याची सोय नाही आणि दुरुस्तीच्या जागी गळती आहे. क्लबच्या प्रमुखाने उत्तर दिले की तुमच्या लोकांना आमच्यापासून काही धोका नाही. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी दाखवली. तीही नाकारली गेली. खालच्या गावचा माणूस वरच्यांच्या खेळण्याच्या दुरुस्तीसाठी खिशात हात घालतो आणि त्याला नको म्हणतात! १८८५ मध्ये मॉरेल वारले. विचारणारा गेला.

३१ मे १८८९. रात्रभर मुसळधार पाऊस कोसळला होता. सकाळी तलाव काठोकाठ भरला आणि सांडव्याच्या जाळीत ओंडके, फांद्या, कचरा अडकून बसला. जाळी काढायची म्हटले तर आता उशीर झाला होता. क्लबवर कामाला असलेल्या मजुरांनी माथ्यावर माती टाकली, दुसऱ्या टोकाला नवी चर खणायला घेतली. खाली कातळ लागला. एक तरुण इंजिनिअर घोड्यावरून खालच्या वस्तीत सांगायला धावला. तारा गेल्या. पण धरण फुटणार ही हूल जॉन्सटाउनने इतक्या पावसाळ्यांत ऐकली होती, की लोकांनी कान दिले नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास धरण गेले. तासाभरात पाणी गावात. रेल्वेच्या दगडी पुलाशी अडकलेल्या घरांच्या ढिगाला वर आग लागली.

२,२०९ माणसे गेली. ९९ कुटुंबांत मागे कुणी उरले नाही. ७७७ मृतांची ओळखच पटली नाही. त्यांच्यासाठी टेकडीवरच्या कबरस्तानात बिननावाच्या पांढऱ्या शिळांच्या रांगा आहेत. अनोळखी कबरीजवळही थांबून फातिहा पढण्याची रीत लहानपणापासून पाहत आलो, म्हणून असेल, पण मृतांच्या मोठ्या आकड्यापेक्षा त्या कोऱ्या शिळा मला अधिक बोलतात.

क्लबविरुद्ध कोर्टात गेलेल्यांच्या हाती काही लागले नाही. इंजिनिअरांच्या संघटनेचा अहवाल १८९१ मध्ये छापला गेला, त्यात माथा खाली आणला नसता तरी धरण गेलेच असते, असे म्हटले होते. सव्वाशे वर्षांनी, २०१६ मध्ये, संशोधकांनी नव्याने गणित मांडले. त्यांच्या मते मूळ उंचीचे धरण तो पूर पेलू शकले असते.

अशीच गोष्ट १९७७ ची. जॉर्जिया राज्यात टोकोआ येथे एका बायबल कॉलेजच्या वर जुन्या वीजघराचा तलाव होता. वीजघर बंद झाल्यावर तो फक्त शोभेला आणि विरंगुळ्याला उरला. भरावावर झाडे वाढली. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर तो फुटला आणि ३९ माणसे झोपेत गेली. त्यानंतर अमेरिकी सरकारने खासगी धरणांच्या तपासणीचे काम हाती घेतले.

आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. फुटल्यावर एका मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले. खेकडे माती पोखरत असतीलही. पण त्यांची बिळे पाहायला जाणे हे खेकड्यांचे काम नव्हते.

२०२१ मध्ये आपला धरण सुरक्षा कायदा झाला. तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटरमधल्या धरणांना काही अटी आहेत, जसे लांबी निदान ५०० मीटर किंवा साठा निदान दहा लाख घनमीटर. टोकोआचे धरण ३८ फूट, म्हणजे साडेअकरा मीटरच्या आसपास उंच आणि सुमारे ४०० फूट लांब होते. फुटले तेव्हा त्यात आठ लाख घनमीटरही पाणी नव्हते. लांबी आणि साठा, आपल्या या दोन्ही मापांत ते बसले नसते.