बिडावरचा पाठ : एका गिअरबॉक्सची चिकित्सा

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनाच्या निमित्ताने जग्वार कंपनीने 'ई-टाइप' ही गाडी जगापुढे मांडली. तिचे लांबलचक नाक आणि माल्कम सेयर याने गणिताने काढलेली तिची वळणे यांविषयी उदंड लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या देखण्या देहाखाली, दोन आसनांमधल्या बोगद्यात दडलेली एक बिडाची पेटी हा आहे : चार गतींचा, हाताने बदलावयाचा गिअरबॉक्स. साहित्याच्या अभ्यासकाने यात का लक्ष घालावे, हा प्रश्न लेखाच्या शेवटीही उरला तर दोष माझा समजावा.

पहिल्या ३.८ लिटरच्या ई-टाइपमध्ये बर्मिंगहॅमच्या मॉस कंपनीच्या घराण्यातला गिअरबॉक्स असे. गाडी १९६१ ची असली, तरी या रचनेचे कुळ दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे. पहिल्या गतीला सिंक्रोमेश नव्हता, म्हणजे दोन दंतचक्रांचा वेग आधी जुळवून मग त्यांना एकमेकांत गुंतवणारी सोय नव्हती. गाडी पुरती थांबण्याआधी पहिला गिअर टाकू पाहणाऱ्यास करकरीचा प्रसाद ठरलेला. ज्याला दोनदा क्लच दाबण्याची जुनी कला साधली होती, तोच सुटे. ऑक्टोबर १९६४ मध्ये ४.२ लिटरची आवृत्ती आली आणि तिच्यासोबत चारही गतींना सिंक्रोमेश असलेला जग्वारचा स्वतःचा गिअरबॉक्स आला. तो मऊ होता, आज्ञाधारक होता, आणि मॉसच्या डब्याचा पहिल्या गतीतला तो चढा, रडवेला सूर त्याच्यात नव्हता.

पाठभेदांना इथूनच सुरुवात होते. ३.८ च्या अनेक मालकांनी पुढे जुना डबा काढून ४.२ चा बसवला. त्यानंतरच्या पिढीने पाच गतींचा आधुनिक गिअरबॉक्स बसवला. ई-टाइपचा गिअरबॉक्स काढायचा तर इंजिनासकट बाहेर ओढावा लागतो. त्यामुळे एकदा एवढा खटाटोप मांडल्यावर जुनीच दुरुस्त करीत बसण्यापेक्षा दुसरी घालणे अनेकांना सोयीचे वाटले, आणि कार्यशाळांत अदलाबदलीची रीतही होती : आपला बिघडलेला डबा द्यावा, दुरुस्त केलेला दुसऱ्या कुणाचा घ्यावा. यात लबाडी कसलीच नव्हती. दाते झिजले, गाडी चालली पाहिजे, एवढाच विचार. पोथीचे फाटलेले पान शेजारच्या पोथीवरून उतरवून घेणारा लेखनिकही असाच निष्पाप असतो आणि संपादकाला तोच सर्वाधिक छळतो.

मग मूळ ओळखायचे कसे? साक्षी दोन प्रकारच्या आहेत. साच्यातच ओतलेला, उठावाचा अंक भागाची जात सांगतो. नंतर पोलादी ठशाने ठोकलेला, खोलगट अंक व्यक्ती सांगतो. पहिला अंक म्हणजे आवृत्ती, दुसरा म्हणजे प्रत. ३.८ च्या ई-टाइपच्या डब्यावर ठोकलेला क्रमांक 'ईबी' या अक्षरांनी सुरू होतो आणि सामान्यतः 'जेएस'ने संपतो, ४.२ च्या डब्यावर 'ईजे' आढळते. मॉसच्या डब्यात हा क्रमांक दोन ठिकाणी असतो : कवचाच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावरील खांद्यावर, आणि वरच्या झाकणावर. दोन्ही जुळले नाहीत, तर दोन डब्यांचा मिळून एक झाला आहे हे उघड. जुळले, तरी काम अर्धेच झाले. गाडीच्या पुढच्या भागातील ओळखपट्टीवर गाडी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी असे चार क्रमांक कोरलेले असतात. त्यांच्याशी ताळा घ्यावा लागतो. पट्टीही बदलता येते, म्हणून शेवटी कारखान्याच्या नोंदवह्यांकडे जावे लागते. त्या जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टने सांभाळल्या असून त्यांचा अधिकृत उतारा मालकास मिळतो.

'जुळत्या क्रमांकां'ना बाजारात मोल आले आणि त्याबरोबर प्रक्षेप आले. जुना अंक घासून नवा ठोकणे ही धातूवरची हरताळ होय. इथे परीक्षकाला बोटाने पृष्ठभाग चाचपावा लागतो : त्या जागी बीड अधिक गुळगुळीत आहे काय, थोडे खोल गेले आहे काय? आणखी एक गंमत अशी की, मूळ अंक हाताने ठोकलेले असल्याने किंचित वाकडे, कमी-अधिक खोल असतात. सरळ रेषेत उभी असलेली देखणी अक्षरेच संशयास्पद. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर काम करणारे वि. स. सुकथनकर यांना हे पटले असते. आडवळणाचा पाठ हाच बहुधा जुना, सुबोध पाठ हा नंतरच्या हाताचा, हे तत्त्व पाठचिकित्सेत मुरलेले आहे.

पण 'मूळ' म्हणजे तरी काय? या प्रश्नावर १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. वाद दुसऱ्याच गाडीचा होता : 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली, १९२९ आणि १९३० ची ल मां शर्यत जिंकलेली. पुढे तिच्यात मोठे इंजिन घातले गेले, १९३२ मध्ये ब्रुकलंड्सला तिच्या अपघातात क्लाइव्ह डनफी मरण पावला, तिची पुन्हा बांधणी झाली, आणि शर्यत जिंकलेल्या गाडीतले फारसे काही उरले नाही. ग्राहकाने हीच सबब सांगून सौदा नाकारला. न्यायमूर्ती ऑटन यांनी ठरवले की, ही गाडी १९२९ च्या अर्थाने 'मूळ' नाही, परंतु तिचा इतिहास कधीच खंडित झालेला नसल्याने ती अस्सल मात्र आहे. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो; गिअरबॉक्सला तो लावताना मात्र मी अडखळतो. गाडी बदलत बदलत तीच राहू शकते. ठोकलेला क्रमांक बदलत नाही. तो एक तर त्या गाडीचा असतो, नाही तर नसतो. १९६८ मध्ये प्रामाणिकपणे बदललेला डबा गाडीच्या चरित्राचा भाग आहे, मूळ संहितेचा नाही, आणि विक्रेत्याने या दोन गोष्टी दोन वाक्यांत लिहाव्यात एवढीच अपेक्षा.

अलीकडे काही मालकांनी यावर आपला तोडगा काढला आहे. चालवायला पाच गतींचा नवा गिअरबॉक्स बसवतात. 'ईबी'चा जुना डबा तेल लावून, लाकडी खोक्यात घालून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवतात. गाडी विकली गेली की खोकेही तिच्याबरोबर नव्या घरी जाते.