दक्षिणा, परीक्षा आणि ज्ञानाचे दार

इ. स. १५७८ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेले येशूसंघीय धर्मगुरू मातेओ रिची पुढे चीनमध्ये गेले. प्रथम त्यांनी बौद्ध भिक्षूंसारखा वेश धारण केला. १५९५ मध्ये मात्र तो त्यागून कन्फ्यूशियन पंडितांचा पेहराव स्वीकारला. कारण उघड होते. चीनचा राज्यकारभार पंडितांच्या हाती होता आणि अधिकारपदाचा राजमार्ग परीक्षेतून जात होता. सुई राजघराण्याने सातव्या शतकाच्या सुमारास घालून दिलेली ही पद्धत १९०५ पर्यंत टिकली. कन्फ्यूशियसची वचने हा तिचा गाभा. पण तांग काळात कित्येक परीक्षार्थी बौद्ध मठांच्या आश्रयाने अध्ययन करीत. शेतकऱ्याच्या पुत्रालाही तेथे आशा धरता येई. स्त्रियांना मात्र दार बंदच होते.

आपल्या मराठी मुलुखात असे काही होते काय? त्याचे उत्तर शोधू जाता पेशवाईतील श्रावणमासाच्या दक्षिणेकडे आमचे लक्ष जाते. दाभाड्यांच्या तळेगावची ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात चालविली. शास्त्रीपंडितांची विद्वत्ता पारखून त्यांना द्रव्य दिले जाई. चीनमधील परीक्षेने अधिकारपद मिळे, येथे सन्मान व दक्षिणा. परंतु राज्यसत्तेने धर्मग्रंथांच्या ज्ञानाला मोल द्यावे, हे सूत्र दोहींकडे समान होते. भेद होता तो प्रवेशाचा. पुण्याच्या दक्षिणेचा मान केवळ ब्राह्मणांचा, आणि विद्या संस्कृतातील.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम मोडली नाही. तिच्यातील काही द्रव्य १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविले. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी अर्ज केला, की हा पैसा मराठी ग्रंथरचनेसाठीही खर्च व्हावा. सनातन्यांनी मोठा गहजब केला. तेव्हा जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. तथापि १८५५ मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले, ते स्वीकारले गेले नाही. शेतकरी कुटुंबाच्या अज्ञानाची ती कथा. दार किलकिले झाले, तरी परीक्षक जुनेच राहिले!

आमच्या नातेपुत्यात आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी विसावते. संस्कृतातील गीता ज्यांनी मराठीत सर्वांपुढे मांडली, त्यांच्या पालखीमागे सगळ्या जातींचे लोक चालतात. ज्ञान कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या वाटेने फार पूर्वी दिले होते. दक्षिणेच्या दरबाराला ते कळावयास शतके लागली.

आज गावोगावची मुलेमुली राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करतात. त्यांचा अर्ज जात वा लिंग पाहून कोणी नाकारीत नाही, हे थोडेथोडके नव्हे. परंतु पुण्यातील खोलीचे भाडे आणि शिकवणीचे शुल्क ज्या घराला झेपत नाही, त्या घरासाठी दार खरोखर उघडे आहे काय? आपल्या गावात एखादी अभ्यासिका, चार ग्रंथ आणि रात्रीचा दिवा आपण पुरवू शकलो, तर इतिहासातला हा धडा आपण शिकलो असे म्हणता येईल.