६.४४ची गाडी

सकाळी ७.५०

चिरंजीवांना आज पाच वर्षं पूर्ण झाली. आंघोळीआधीच खेळण्यातल्या गाडीचा खोका फुटला. झाकणावर डोंगर, पूल, दोन बोगदे आणि काळंकुट्ट वाफेचं इंजिन. त्याच्या धुराड्यातून पांढराशुभ्र धूर, खाली ‘खराखुरा धूर’ अशी जाहिरात. आत निघाले रुळांचे १२ तुकडे, एक बोगदा, इंजिन आणि तीन डबे. डोंगर आणि पूल झाकणावरच राहिले. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या दुकानदारानं साडेसहाशे सांगितले होते, मी पावणेपाचशेला आणली. ही घासाघीस शनिवारी रात्री मी घरात दोनदा ऐकवली होती, हेही नोंदवून ठेवतो.

८.३५

रूळ जोडले. गोल पूर्ण होईना. शेवटच्या दोन तुकड्यांत करंगळी जाईल एवढी फट. कंपासपेटीतली पट्टी काढून मोजलं, तर एकाच तुकड्याच्या दोन टोकांना दोन रुळांमधलं अंतर दोन मिलिमीटरनं वेगळं. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथल्यासारख्या छोट्या गाड्यांचं जगभर चालणारं एक माप आहे : दोन रुळांत १६.५ मिलिमीटर. त्या मापात दोन मिलिमीटर म्हणजे गाडी थेट जमिनीवर. आमची गाडी जरा मोठी, म्हणून ती लगेच पडत नव्हती. फेरीतून एकदा पडायची, आणि नेमकी त्याच सांध्यावर.

९.२०

तीन पेन्सिल सेल घातले. झाकणाला स्क्रू नाही, नुसता खटका. तो पहिल्याच दाबात तुटला. इंजिन चालायचं, थांबायचं, टपली मारली की परत चालायचं. सेलखालची स्प्रिंग ढिली होती.

चिरंजीवांना मागच्या महिन्यात मी पहिल्या गाडीची गोष्ट सांगितली होती : १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे आणि ओढायला तीन इंजिनं. त्यानं आमच्या इंजिनाकडे बघून विचारलं, “बाबा, आपली बाकीची दोन इंजिनं कुठे आहेत?”

११.०५

रविवार. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, आमच्या हॉलमध्येही. बायको म्हणाली, “अरे, परत देऊन ये ना.” बिल घेतलं नव्हतं. बिल मागितलं असतं तर पावणेपाचशेला मिळाली नसती.

१२.१०

इंजिनाचं मागचं चाक नाही.

आधी हसलो. मग धाकटी कुठे आहे ते बघितलं. ती दीड वर्षाची. जे हाताला लागेल ते तोंडात. पुढची वीस मिनिटं या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. सोफा हलवला, केरसुणीनं कपाटाखालचं काढलं, आईनं नातीच्या तोंडात बोट घालून पाहिलं. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. न दाबता त्यात पूर्ण मावणारा सुटा भाग असेल, तर ते खेळणं बाद. आमच्या इंजिनाची चारही चाकं त्यात सुखानं बसली असती. चाक शेवटी धाकटीच्या मुठीत सापडलं, ओलं.

मग खोका प्रथमच उलटा करून वाचला. वयाचा आकडा नाही. आयएसआयची खूण नाही. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती खूण असावीच लागते, हे मला माहीत होतं. भाव करताना माणूस खोका उलटा करत नाही.

धाकटीला आईच्या खोलीत नेलं. गाडी त्याच वेळी कचऱ्यात जायला हवी होती. पण चिरंजीवांनी संध्याकाळसाठी सगळ्या मित्रांना ‘गाडी दाखवतो’ असं सांगून ठेवलं होतं.

३.४०

दुरुस्ती क्रमांक एक. चाक फेविक्विकनं आसावर चिकटवलं. एक थेंब पुरला असता, मी तीन घातले. तो गोंद पाण्यासारखा पातळ. आसावरून झिरपत आत कुठवर गेला ते दिसलं नाही.

५.१५

दुरुस्ती क्रमांक दोन. ढिल्या स्प्रिंगमागे चॉकलेटच्या चांदीची घडी कोंबली. आता टपलीची गरज नाही, वीज अखंड. एक फेरी मारून बघितली. इंजिन जरा कण्हत होतं, पण गेलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. त्या ढिल्या स्प्रिंगनं दिवसभर वीज तोडून तोडून मोटर वाचवली होती, हे रात्री इंजिन उघडल्यावर कळलं.

६.३०

अकरा मुलं, चार आया, शेजारचे काका. आईनं औक्षणाचं ताट आणलं. धुराड्याबद्दल एका पोरानं विचारलंच, “धूर कधी येतो?” मी दुपारी टॉर्च मारून पाहिलं होतं. धुराडं म्हणजे नुसतं भोक, त्याखाली काहीही नाही. “येईल हं,” म्हटलं.

६.४१

गाडी सोडली. वाकडा सांधा तिनं पार केला. टाळ्या. गाडी बोगद्यात शिरली.

६.४२

बाहेर आली नाही. आतून बारीक घुं घुं. आसाच्या खोबणीत गोंद धरला होता. चाक जाम, मोटर जाम. आणि अडलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त वीज खेचते.

६.४३

“कसला वास येतोय?” बायकोनं विचारलं. “निरांजनाचा असेल,” आई म्हणाली. माझ्या हातात केकची सुरी.

६.४४

बोगद्याच्या दोन्ही तोंडांतून धूर. पांढरा नव्हे, करडा, जळक्या प्लॅस्टिकचा. मुलं उड्या मारायला लागली. “धूर! खरा धूर!” चिरंजीवांचा चेहरा इतका उजळलेला मी त्या दिवसात पाहिला नव्हता. मी पोरांना मागे ढकललं, बोगदा लाथेनं उडवला आणि इंजिन सांडशीत धरून बाल्कनीत नेलं. पोट वितळून त्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं, चांदीची घडी काळी. सेल इतके तापले होते की ते मी चिमट्यानं काढले. बायको खिडक्या उघडत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

“बाबा, परत एकदा!” आतून आवाज.

शेजारचे काका बाल्कनीत आले, सांडशीकडे निरखून पाहिलं. “धुराची होय? नातवाला घ्यावी म्हणतो. कितीला पडली?”

“साडेसहाशे सांगत होता,” मी म्हणालो.