नाव, खूण आणि ठिकाण : सरडगुहिऱ्याच्या ओळखीचा इतिहास

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आणि ‘सरड्यासारखे रंग बदलणे’ हा वाक्प्रचार, ही दोन्ही एकाच प्राण्याविषयी आहेत अशा समजुतीने आपण वापरतो. वस्तुतः कुंपणावरून धावणारा तो आपला नित्याचा सरडा होय. ज्याच्या रंगपालटाची ख्याती जगभर झाली आहे तो शॅमेलिऑन धावत नाही. उचललेले पाऊल टेकावे की न टेकावे अशा विचारात असल्याप्रमाणे तो झुलत झुलत फांदीवरून पुढे सरकतो. (नित्याचा सरडाही रंग बदलतो आणि विणीच्या हंगामात नराचा गळा लाल होतो; तेव्हा वाक्प्रचाराचा खरा धनी कोण, हा वाद मिटणारा नव्हे.) दोन प्राणी आणि एक नाव, ही या इतिहासाची सुरुवात आहे.

मराठीत या मंदगती प्राण्यास सरडगुहिरा किंवा घोयरा अशी स्वतंत्र नावे आहेत. परंतु नांदेड-लातूरकडील विद्यार्थ्यांना विचारले असता बहुधा ‘सरडा’ हेच उत्तर मिळते. ‘सरडा’ हा शब्द संस्कृत ‘सरट’ यापासून आला आहे; स्वरमध्यस्थ टकाराचा डकार होणे हे प्राकृतातील सर्वपरिचित परिवर्तन होय. अमरकोशात सरट आणि कृकलास हे पर्याय म्हणून दिले आहेत. भागवताच्या दशम स्कंधातील नृग राजा शापाने कृकलास होऊन विहिरीत पडला, तो यांपैकी कोणता प्राणी झाला हे कथेवरून ठरविता येत नाही. कोशकाराला पर्याय हवे असतात, प्राणिशास्त्रज्ञाला भेद हवा असतो. एकाच्या सामग्रीवर दुसऱ्याने फार विसंबू नये.

भेदाचा शास्त्रीय इतिहास मात्र बराच स्पष्ट आहे. व्हिएन्नाचा लॉरेंटी याने १७६८ मध्ये या जातीस ‘झेलॅनिकस’, म्हणजे सिंहलद्वीपाचा, असे नाव दिले. प्राण्याचा बहुतांश विस्तार भारतीय द्वीपकल्पात असूनही नाव बेटाचे राहिले. पुढे १८९० मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत बूलाँजे याने ‘कॅल्कॅरेटस’ हे नाव योजिले. त्याचा अर्थ टाचेवर आरी असलेला. एक नाव ठिकाणावरून, दुसरे खुणेवरून. त्याच ग्रंथमालेच्या नव्या आवृत्तीत माल्कम स्मिथ याने १९३५ मध्ये लॉरेंटीचे नाव पुन्हा प्रस्थापित केले. तरीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत ‘कॅल्कॅरेटस’ हेच नाव छापले गेले. शास्त्राने टाकलेले नाव कायद्याने जपावे, ही भाषेच्या अभ्यासकास मोठी मनोरंजक वाटणारी गोष्ट आहे.

खूण आणि ठिकाण यांचा हा प्रश्न मराठवाड्यातील पशुपालकांनी आपल्या परीने सोडविलेला आहे. ‘लाल कंधारी’ या नावात खूणही आहे आणि ठिकाणही आहे. देवणीच्या गोवंशाला नाव गावाचे. पण त्याच्या पोटभेदांची नावे अंगावरच्या खुणेनुसार ठरतात. शुभ्र अंगाचा व तोंडावर काळेपणा असलेला तो वानेरा, पोटाखाली काळे ठिपके असलेला तो बालंक्या, अंगभर काळे-पांढरे पट्टे विखुरलेला तो शेवरा. माळेगावच्या जत्रेत जनावर पारखणारा शेतकरी रंग पाहतो तसाच ते कोणत्या गावच्या दावणीचे हेही विचारतो. या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व आफ्रिकेतील डोंगरी शॅमेलिऑनच्या इतिहासात फार स्पष्टपणे दिसून येते.

केनिया आणि टांझानियाच्या पर्वतांवर राहणाऱ्या त्रिशृंगी ‘जॅक्सनी’ जातीचे वर्णन बूलाँजे यानेच १८९६ मध्ये केले. टांझानियातील मेरू पर्वतावरील लहान आकाराची उपजाती रँड याने १९५८ मध्ये वेगळी काढली. तिचे नाव ‘मेरुमोंटॅनस’, म्हणजे ठिकाणाचेच. नरांना सर्व उपजातींत तीन शिंगे असतात, त्यामुळे भेद पाहावयाचा तो पुष्कळदा मादीवरून : मेरूवरील मादीच्या नाकावर शिंग असते, तर केनिया पर्वताच्या परिसरातील ‘झँथोलोफस’ मादीला ते सहसा नसते. यातील लक्षात घेण्याजोगा भाग असा की, ‘झँथोलोफस’ हे नाव १९८८ चे आहे. आणि या उपजातीचे काही डझन प्राणी विक्रीसाठी केनियाहून हवाई बेटांवर १९७२ मध्येच पोहोचून तेथील रानात स्थिरावले होते. नाव मिळण्यापूर्वी सोळा वर्षे ते परदेशी नांदत होते. ते मूळ कोठले हे ठाऊक होते म्हणूनच नंतर त्यांना नाव लावता आले.

पिंजऱ्यातील पैदाशीत नेमका हाच दुवा तुटतो. या डोंगरी प्राण्यांना रात्रीचा गारवा लागतो (लातूरच्या वैशाखात तो कोठून आणावा?). जॅक्सनीची मादी अंडी न घालता जिवंत पिले देते. आपला सरडगुहिरा मात्र जमिनीत खड्डा करून अंडी घालतो. शॅमेलिऑनची मादी नराचे वीर्य दीर्घकाळ साठवू शकते, त्यामुळे पुढच्या वेताचा पिता कोण हे केवळ पिंजऱ्यातील सोबत्यावरून ठरविता येत नाही. दोन डोंगरांचे प्राणी एका पिंजऱ्यात आले की दोन पिढ्यांत खुणा मिसळतात, आणि नोंदवही नसेल तर ते वंश पुन्हा वेगळे काढणे शिंगे मोजून साधत नाही. आपल्या देशात रानातील सरडगुहिरा परवान्याशिवाय पाळणे हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या परिशिष्टांतील परदेशी प्राण्यांसाठी २०२२ च्या कायदादुरुस्तीने बाळगणे व पैदास यांची नोंद आवश्यक केली. छंदिष्टांना ती जाचक वाटते. प्रस्तुत लेखकास ती फार उशिरा आलेली वाटते.

भाषेच्या क्षेत्रात आपली स्थिती याहून बरी नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यातील प्रत्येक नमुन्यास जिल्ह्याचे नाव आहे. परंतु हैदराबाद संस्थान सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर असल्याने मराठवाड्याच्या बोलींना त्यात त्यांचे स्थान मिळाले नाही. ही उणीव आपण भरून काढावी, या उमेदीने प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत कंधार, देवणी, उदगीर या भागांत हिंडून शब्द टिपले. ती वही अद्याप जवळ आहे. तिच्यात प्राण्यांच्या नावांच्या पानावर ‘गुहिरा’ असा शब्द आहे, उच्चार काळजीपूर्वक नोंदलेला आहे, सांगणाऱ्याचे अंदाजे वयही आहे. गावाचे नाव लिहावयाचे राहिले आहे.