डाव्या नाकपुडीचा इतिहास

पहिला थेंब देवघरासमोरच्या फरशीवर पडला, तेव्हा मला कुंकू सांडलं असंच वाटलं. बोट लावलं तर ओलं. तेवढ्यात राणू शिंकली आणि आणखी सात-आठ ठिपके उडाले. सगळे तिच्या डाव्या अंगाला.

राणू आमची कारवानी. लातूरकडे माझ्या धाकट्या दिरांच्या शेतावर, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला जन्मली आणि दोन महिन्यांची असताना पिशवीत बसून एस.टी.नं पुण्याला आली. उंच, पोट पाठीला लागलेलं, आणि तोंड असं लांब-अरुंद की तांब्यात सहज शिरावं. त्या तोंडाचं आम्हाला भारी कौतुक. शेजारच्या आजी म्हणाल्या, "घोळणा फुटलाय गं, उन्हानं. दूर्वांचा रस पिळ नाकात." आमच्या लहानपणी घोळणा फुटला की आई टाळूवर गार पाणी थापायची आणि कांदा फोडून हुंगायला द्यायची. कांदा कुत्र्याला विष असतो हे मला ठाऊक होतं, तेवढं राणूचं नशीब. टाळूवर पाणी मात्र थापलं. ती अंग झाडून निघून गेली आणि भिंतीवर ठिपके उमटले.

मी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. घरात काही अडलं की माणसं देवाकडे जातात, मी जुन्या पुस्तकांकडे जाते. पुढचे पाच महिने राणूच्या नाकाचा तपास चालला होता आणि त्याच्या जोडीनं माझाही.

आपल्याकडे जनावराचं नाक म्हणजे फार काळ घोड्याचं नाक होतं. शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यक आहे, पालकाप्याच्या नावावर हत्तीचं. कुत्र्यासाठी तोलामोलाचा वैद्य परंपरेनं नेमलेला नाही. इंग्रजांनीही तेच केलं. भारतातली पहिली पशुवैद्यक शाळा १८६२ मध्ये आमच्या पुण्यातच निघाली, पण ती लष्कराची, घोडदळासाठी. त्या काळी नाकातून काही वाहायला लागलं की सगळ्यांना एकच धास्ती, ग्लँडर्सची. घोड्याच्या नाकात व्रण पडतात, चिकट शेंब वाहतो, आणि तो रोग माणसालाही लागतो. त्याचा जंतू १८८२ मध्ये जर्मनीत सापडला. १८९१ मध्ये रशियात मॅलीन नावाची चाचणी निघाली. ती काढणाऱ्यांपैकी कालनिंग त्याच रोगानं गेला. १८९९ मध्ये हिंदुस्थान सरकारनं खास ग्लँडर्सचा कायदा केला. रोग ठरला की घोडा मारायचा. म्हणजे निदान चोख, आणि निदानापुढे काही नाही.

कुत्र्याच्या वाट्याला तर निदानही नव्हतं. मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा कंपनी सरकारचा नियम जुनाच होता. १८३२ मध्ये मारण्याची मुदत वाढवली गेली. प्रत्येक कुत्र्यामागं आठ आणे मिळायचे, त्यामुळे मारेकरी पाळलेल्या कुत्र्यांनाही सोडेनात. पारशी धर्मात कुत्र्याला मान. मृताच्या जवळ कुत्रा आणून त्याची नजर पाडायची, त्याला सगदीद म्हणतात. ६ जूनला कोटात पारशी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, गोऱ्या पलटणीची रसद अडली, सैन्य बोलवावं लागलं. शाळेच्या पुस्तकात हा दंगा नाही. मी एकदा नववीच्या वर्गात सांगितला तर मुलं हसली, आणि मग मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "बाई, कुत्र्यांचं पुढं काय झालं?" इतका चांगला प्रश्न मला त्या वर्षी दुसरा कुणी विचारला नाही. निदान थोडं उत्तर असं: दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि इतर शेटियांनी मुंबईत पांजरपोळ काढली. १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध संस्था उभी राहिली. दिनशा माणेकजी पेटिटांनी बायकोच्या नावानं परळला जनावरांचं इस्पितळ काढलं, बाई साकरबाई, आणि १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. शहर तेव्हा बैल आणि घोडेच ओढत होते, ट्रामसुद्धा घोड्यांची. तरी कुत्र्याला निजायला एक कोपरा मिळाला.

आमच्या पहिल्या डॉक्टरांनी राणूच्या हिरड्या पाहिल्या, कानामागे चाचपलं, आणि दोन गोचिड्या काढून टेबलावर ठेवल्या. "काकू, गोचीड ताप. कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं की आपल्याकडे आधी हाच धरायचा." रक्त तपासलं तर प्लेटलेट्स खरंच कमी होत्या. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन.

या तापाचा इतिहास वाचताना मी रात्रीचं जेवण विसरले होते. १९३५ मध्ये अल्जीरियात दोनातिएँ आणि लेस्तोकार या दोन फ्रेंच संशोधकांना प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांत तो पहिल्यांदा दिसला. कुत्र्यांच्या अंगावर गोचिड्या होत्या आणि रक्तपेशींत बारीक गोळे. ते कागदावर छापलं गेलं आणि तिथंच राहिलं. १९६३ मध्ये सिंगापूरमधल्या ब्रिटिश लष्करी कुत्र्यांचे घोळणे फुटू लागले. १९६८ पासून व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याची माग काढणारी कुत्री मरू लागली. त्यात जर्मन शेफर्ड जास्त. दीडशेहून अधिक गेली. नाकातून रक्त वाहत वाहत जात. डॉक्टरांनी रोगाला नाव काय दिलं? इडिओपॅथिक हेमरेजिक सिंड्रोम. म्हणजे रक्त वाहतंय आणि का ते कळत नाही, एवढंच ग्रीकमध्ये सांगितलेलं. एकदा ग्रीकमध्ये सांगितलं की अज्ञानालाही गणवेश येतो. १९७० मध्ये कुठं अल्जीरियातले गोळे आणि जंगलातलं रक्त यांची गाठ पडली. मधली पस्तीस वर्षं उत्तर कपाटात पडून होतं.

राणूच्या प्लेटलेट्स वाढल्या. रक्त थांबलं नाही, उलट त्यात पिवळा, घाण वासाचा शेंब मिसळला. मी वही ठेवायला लागले होते: तारीख, वेळ, किती थेंब, कुठली नाकपुडी. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला 'डावी'. ती वही दुसऱ्या दवाखान्यात दाखवली तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "रक्ताचाच दोष असता तर दोन्हींकडून आलं असतं बहुधा. हे एकाच खोलीतलं भांडण आहे." मग त्या खोलीत कोण बसलंय याचे अंदाज सुरू झाले. वरच्या दाताचं मूळ नाकाला खेटून असतं, ते सडलं असेल. डावा सुळा काढला. निर्दोष निघाला बिचारा. पावसाळ्यानंतरचे दिवस, टेकडीवर गवत पिकलेलं, तेव्हा कुसळ शिरलं असेल. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ही म्हण मी मुलांकडून शेकडो वेळा लिहून घेतली असेल. कुत्र्याच्या नाकातलं मात्र कुणालाच दिसेना. आमच्या विदर्भातल्या नातेवाइकांकडे राणू तळ्यात पोहली होती, म्हणून राइनोस्पोरिडियमचाही संशय आला. तो आजार म्हणजे नाकात स्ट्रॉबेरीसारखा कोंब. ब्वेनोस आयरीसच्या सीबरनं १९०० मध्ये तो वर्णिला, १९०३ मध्ये कलकत्त्यातून त्याचीच हकीकत आली, आणि जवळजवळ शंभर वर्षं सगळे त्याला बुरशी म्हणत राहिले. मग कळलं, ती बुरशी नव्हेच. कोंब काही मिळाला नाही.

नाक ही जागाच अशी की आतलं दिसत नाही, म्हणून ज्याला ज्याची धास्ती तो त्यालाच तिथं बसवतो. घोडदळानं ग्लँडर्स बसवला, आजींनी ऊन, आणि मी, रात्री दोन वाजता, कर्करोग. एक्स-रेत डावी बाजू धुरकट दिसली होती. लांब तोंडाच्या कुत्र्यांत नाकातल्या गाठी जास्त, असं एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. "काकू, तयारी ठेवा." कसली तयारी ठेवायची ते नाही सांगितलं. त्याच सुमारास मला दिसलं की नाकपुडीच्या कडेचा काळा रंग उडून गुलाबी चट्टा पडला आहे. मी तो वहीत लिहिला आणि कुणाला सांगितला नाही. मला वाटलं, पुसून पुसून झाला असेल.

शेवटी माणसांच्या एका सीटी स्कॅन केंद्रात, माणसं संपल्यावर, रात्री साडेदहाला राणूला निजवली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या एका इस्पितळात हाउन्सफील्डच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. त्या बाई होत्या. राणूही बाईच, असा हिशेब मी बाकावर बसून करत होते. चित्रात उजव्या बाजूला पातळ हाडांच्या गुंडाळ्या शंखासारख्या वळलेल्या. डावीकडे गुंडाळ्याच नाहीत, उंदरांनी कुरतडलेल्या पोथीसारखी पोकळी. नाक आणि मेंदू यांच्यामध्ये चाळणीसारखं एक हाड असतं. डॉक्टरीण बाईंनी ते तीनदा मोठं करून पाहिलं आणि खुर्चीला टेकल्या. चाळणी शाबूत होती.

मग दुर्बीण. १८०६ मध्ये फ्रँकफर्टच्या बोत्सिनीनं मेणबत्ती आणि आरसा एका नळीत बसवून शरीराच्या आत उजेड पाडायची हिकमत केली होती. नंतर चेरमाकनं बारीक आरशानं माणसाच्या नाकाचा मागचा भाग पाहिला. पण त्यासाठी रोग्यानं तोंड उघडून स्वस्थ बसावं लागतं, आणि कुत्र्याला ते कोण सांगणार? भूल आणि गेल्या शतकातल्या हॉपकिन्सच्या काचकांड्या आल्यावर कुठं ही वाट त्याच्यासाठी उघडली. पडद्यावर मी पाहिलं: पांढरी-करडी, मऊ लव. शिळ्या भाकरीवर येते तशी. बुरशी. अ‍ॅस्परजिलस.

हे नाव फ्लॉरेन्सच्या मिकेलीनं १७२९ मध्ये ठेवलं. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा तुरा त्याला चर्चमध्ये तीर्थ शिंपडायच्या दांडीसारखा दिसला. आपल्याकडे तो असता तर दर्भाची जुडी म्हणाला असता. नाकात शिरणाऱ्या जातीला 'फ्युमिगाटस', धुरकट, हे नाव फ्रेसेनिउसनं १८६३ मध्ये दिलं. त्यानं ती कुठं पाहिली होती? एका मेलेल्या पक्ष्याच्या फुप्फुसात. पक्षी कोणता, तर युरोपातला मोठा बस्टर्ड, म्हणजे आपल्या माळढोकाचा भाऊबंद. कारवानी आणि माळढोक एकाच माळाची लेकरं, लातूर-सोलापूरची. त्या ओळीवर मी बराच वेळ बोट ठेवून बसले होते.

बुरशी राहते कुठं? ओल्या कडब्यात, सडक्या पाल्यात, खतात. श्वासागणिक सगळ्यांच्याच नाकात जाते, बहुतेकांचं काही बिघडत नाही. लांब तोंडाच्या कुत्र्यांत जास्त सापडते. आमच्या सोसायटीनं दोन वर्षांपूर्वी ओल्या कचऱ्याच्या खताचा खड्डा केला. त्यासाठी सभेत हात वर करणारी पहिली मीच. राणू रोज सकाळी त्यात डोळ्यांपर्यंत तोंड खुपसायची, आणि मी म्हणायची, बघा, किती रमते.

पूर्वी यावर नाकाचं हाड उघडून आतलं खरवडत. पोटातून गोळ्या देत, त्यांचा गुण बेताचा. १९९० च्या दशकात एक साधी रीत रुळली. घसा बोळ्यानं बंद करायचा, दोन्ही नाकपुड्या फुग्यांनी बुजवायच्या, आणि आत क्लोट्रिमॅझोल भरून तासभर ठेवायचं. तेच, नायट्याच्या मलमात असतं ते. दर पंधरा मिनिटांनी कुत्र्याची कूस बदलायची, म्हणजे औषध सगळ्या कोपऱ्यांत पोचतं. चौथ्या कुशीला मी आत होते. तिची जीभ बाहेर लोंबत होती आणि डॉक्टरीण बाई घड्याळाकडे बघत तिचा कान कुरवाळत होत्या. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा तेच केलं.

वहीतली शेवटची नोंद १४ फेब्रुवारीची आहे: एक थेंब, डावी. त्यानंतरची पानं कोरी. गुलाबी चट्टा अर्धाच काळा झाला. शिंका आहेत, थंडीत जास्त, आणि निजल्यावर ती आता घोरते, आतल्या गुंडाळ्या गेल्यामुळे असेल. खड्ड्यावर सोसायटीनं माझ्या पैशानं जाळी बसवली. रोज सकाळी राणू त्या जाळीला नाक लावते, मी साखळी आखडते, आणि आम्ही दोघी तिथं मिनिटभर एकमेकींना ओढत उभ्या राहतो.