पोथीचा आकार, पडद्याचा आकार



लॅपटॉपच्या खरेदीवर इतिहासाच्या बाईने लेख लिहावा हे जरा चमत्कारिकच वाटेल. पण जवळजवळ सारख्या दोन लॅपटॉपमधून एक निवडताना मला थेट पोथ्यांपर्यंत मागे जावे लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी गरज सांगते. वडिलांच्या रोजनिशीच्या नऊ वह्या माझ्याकडे आहेत. शाई फिकट होत चालली आहे आणि नानांचे अक्षर लागणारी आता घरात मी एकटीच उरले आहे. भाच्याने सगळ्या पानांचे फोटो काढून दिले. पडद्यावर डावीकडे फोटो आणि उजवीकडे माझे टायपिंग, असे काम करायचे आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही लहान पडद्यावर ते झेपत नाही.

बामणडोंगरीला लोकल पकडून आम्ही उलव्याहून वाशीला गेलो. दुकानात दोन लॅपटॉप पुढे आले. एक 15.6 इंची, दुसरा 16 इंची. आतला ऐवज सारखाच, किमतीत चार हजारांचा फरक. भाचा म्हणाला, "मावशी, अर्ध्या इंचालाही कमीच फरक आहे. त्यासाठी चार हजार कशाला?"

प्रश्न रास्त होता. पण हे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. सुरुवातीच्या टीव्हीची काचेची नळी तोंडाशी गोल असे, तिचा व्यास हेच टीव्हीचे माप. नळी चौकोनी झाली, तरी व्यासाच्या जागी कर्ण धरून तीच पद्धत चालू राहिली. कर्णावरून रुंदी किती आणि उंची किती हे कळत नाही. मी पट्टी मागून घेतली. दोन्ही पडद्यांची रुंदी साधारण 34.5 सेंटीमीटर. उंची मात्र एकाची 19.4, दुसऱ्याची 21.5! पहिल्याचे प्रमाण 16:9, दुसऱ्याचे 16:10.

आता ही प्रमाणे आली कुठून? एडिसनच्या प्रयोगशाळेत 1890 च्या दशकात डिक्सनने चित्रफितीची चौकट 4:3 ठरवली. टीव्हीने तीच उचलली. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हाचे आपले टीव्ही आठवा, जवळजवळ चौकोनी. मधल्या काळात, 1950 च्या दशकात, टीव्हीशी स्पर्धा करायला सिनेमाचा पडदा रुंद झाला होता. पुढे टीव्हीही रुंद करायचे ठरले, आणि 1980 च्या दशकात 16:9 हे प्रमाण पुढे आले. लॅपटॉपमध्ये 16:10 आधीपासून होते. 2003 साली आलेला ॲपलचा 17 इंची लॅपटॉप त्याच प्रमाणाचा. पण 2008 च्या सुमारास टीव्हीच्याच मापात काच कापणे कारखान्यांना स्वस्त पडू लागले आणि बहुतेक लॅपटॉप बुटके झाले. 2020 च्या आसपास 16:10 पुन्हा दिसू लागले. या सगळ्यात वाचणाऱ्याला कोणी फारसे विचारलेले दिसत नाही.

आपल्या पोथीचेही तसेच झाले होते. ताडाचे पान मुळातच लांबट आणि अरुंद, म्हणून पोथी आडवी. कागद आला, ताडपत्राचे बंधन गेले, तरी आकार शतकानुशतके टिकला. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या शिळाप्रेसवरही आडव्या पोथ्या छापल्या जात. सुट्या पानांवर थोड्याच ओळी, एक पान वाचून बाजूला ठेवायचे, त्या रीतीला तो आकार सोयीचा होता. वहीचे पान मात्र उभे. ते आडव्या पडद्यावर आणले की कधी वरचा भाग दिसतो, कधी खालचा.

त्यात आपली लिपी. वर मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार. ओळींमध्ये अंतर सोडावेच लागते. माझ्या डोळ्यांना सोसेल अशा अक्षरात एका ओळीला सात मिलिमीटर धरले, तर वरचे दोन सेंटीमीटर म्हणजे तीन ओळी. नानांचे एखादे वाक्य तेवढेच असते. शेजारी शेजारी दोन रकाने ठेवायची सोय काही नवी नाही, 1832 च्या 'दर्पण'मध्ये बाळशास्त्रींनी मराठी आणि इंग्रजी असेच ठेवले होते. त्यासाठी लागणारी रुंदी दोन्ही लॅपटॉपमध्ये सारखीच मिळत होती.

म्हणून 16 इंची घेतला. ज्यांना मुख्यतः मालिका आणि क्रिकेट बघायचे आहे, त्यांनी खुशाल 15.6 घ्यावा, पैसेही वाचतील. उंच पडद्यावर तेवढ्यासाठी वर-खाली काळ्या पट्ट्याच दिसतात.

असो. पहिल्या वहीची चाळीस पाने झाली आहेत. नातलगांपैकी कुणाकडे नानांची पत्रे असतील तर फोटो पाठवा. डोळे आहेत तोवर लावून देते.